थोरलीची मधली जागा

ताडपत्री ओढली तशी आधी धूळ उठली, मग वास आला. शिळ्या पेट्रोलचा, वाळलेल्या रबराचा, उंदरांनी केलेल्या घाणीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी आईच्या डोक्याच्या तेलाचा. आता तेलाचा वास इतकी वर्षं सीटवर कसा राहील, तुम्हीच सांगा. पण मला आला. मी नाकाला ओढणी लावली तर अप्पा म्हणाले, "शिंकत बसू नको, ती बाजू धर." मी शिंकलेच नव्हते. माझे अप्पा आता साफ बहिरे झालेत, त्यामुळं समोरच्यानं काय केलं असेल ते स्वतःच ठरवून मोकळे होतात.

मुदखेडपासून आत, कालव्याच्या काठानं आमचं गाव. अप्पा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत होते. कुठं पाट फुटला, कुणी रात्रीतून पाणी वळवलं, हे बघत कालव्यावरून हिंडायचं काम. त्यासाठी घेतलेली ही साडेतीनशे सीसीची मोटरसायकल. दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या, पुढं जाड गार्ड, मागं पोतं बांधायला कॅरिअर. माझ्या जन्माआधी घरात आली म्हणून आईनं तिचं नाव थोरली ठेवलं. मी धाकटी. दसऱ्याला पहिलं कुंकू थोरलीला, मग मला. मी रुसायचे, तर आई म्हणायची, "मोठी हाय ती तुझ्याहून. अन् तुझ्यासारखी किरकिर न्हाई करत."

किरकिर तर तीही करायची. पण ते पुढं सांगते.

मी लातूरला असते. क्लासच्या पोरांची खानावळ चालवते. दिवसभर कणीक, कुकरच्या शिट्ट्या, आणि खिडकीतून डाळमिलची तुरीची भुकटी. अप्पांचा फोन आला की मी गॅस बारीक करते आणि नुसती ऐकते, कारण दुसरं काही करताच येत नाही. ते नंबर लावतात, आपलं बोलतात आणि ठेवून देतात. या खेपेला म्हणाले, "माघ लागला. चिंचा पाडाला आल्या आसतील. थोरलीला काढायचं हाय. तुझ्या कानाचं काम हाय, ये." आणि ठेवला. "अप्पा, डोकं ठिकाणावर आहे का?" असं मी ओरडले ते भाताच्या पातेल्यावर.

चिंचा म्हणजे आईच्या माहेरचं झाड. देगलूरच्या अलीकडं एका खेड्यात, मामाच्या बांधावर. दर माघात आम्ही तिघं थोरलीवर बसून तिथं जायचो आणि पोतं भरून चिंचा आणायचो. वर्षातला एवढा एकच दौरा. आई गेल्यावर ती वाट बंद पडली. कशी गेली ते सांगत बसत नाही. गेली. मामाचं शेतही आता दुसऱ्या कुणाकडं आहे. झाड तेवढं आहे, असं म्हणतात.

अप्पांचे कान त्याआधीच उतरणीला लागले होते, आईमागं पार गेले. मी कानाचं मशीन आणून दिलं. "ह्याच्यात नुसती शिट्टी वाजून राहिली," म्हणाले, आणि ते नटबोल्टच्या डब्यात टाकलं. पाटी-पेन्सिल आणली तर, "मी काय पहिलीतलं पोरगं हाय का?" मग आमचं बोलणं एकतर्फीच राहिलं. मी महिनोन् महिने मनात काय काय साठवून गावी यायचे आणि तसंच घेऊन परत जायचे. मी तोंड उघडलं की ते लगेच मान हलवायचे. ऐकू आलं नाही हे दाखवायची लाज. त्या मान हलवण्यानं माझा जीव तुटायचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

म्हणून मी एसटीत बसले ती त्यांना अडवायलाच. कान नसलेला म्हातारा माणूस, उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवस, आणि निघालाय देगलूरला! पण ताडपत्री ओढली, तो वास आला, आणि माझं भांडण नरड्यातच राहिलं.

माघ म्हणजे आमच्याकडं हळद शिजवायचे दिवस. गावाबाहेर कढया लागायच्या आणि सगळी वाट वाफेनं पिवळी झाल्यासारखी वाटायची. त्या वासातून आम्ही निघायचो. आई भाकऱ्या आणि लाल ठेचा फडक्यात बांधून सायलेन्सरच्या बाजूच्या पेटीत ठेवायची, म्हणजे पोचेपर्यंत ऊबदार राहायच्या. त्यांना पेट्रोलचा बारीक वास लागायचा. आज मी शंभर पोरांना चांगलंचुंगलं करून घालते, पण मला स्वतःला भूक लागते ती पेट्रोलचा वास लागलेल्या त्या भाकरीची.

निघायच्या आधी किक मारायचा सोहळा. दिव्याच्या वर एक छोटं घड्याळ होतं, वेळेचं नव्हे, करंटचं. अप्पा किक हळूहळू पायानं दाबायचे आणि त्या घड्याळातल्या काट्यावर नजर ठेवायचे. काटा मधोमध आला की थांबायचे. तेव्हा कुणी बोलायचं नाही. आई डोक्यावरचा पदर धरून उभी, मी श्वास धरून उभी. मग एकच लाथ. लागली तर आई दिव्याला हात लावून तोच हात कपाळाला लावायची. नाही लागली तर दुसरीकडं बघायची, कारण त्या वेळी अप्पांकडं बघितलं की ते खवळायचे. "बघून राहिली काय? मी काय नाटक दाखवून राहिलो?"

बसायचं असं, की पुढं अप्पा, मागं एका अंगाला पाय सोडून आई, आणि मधी मी, दोघांत चेपलेली. पुढून अप्पांच्या सदऱ्याचा घामट वास, मागून तेलाचा. थोरलीच्या आवाजात बोलणं अशक्य. म्हणून आईनं थापांची भाषा काढली होती. डाव्या खांद्यावर थाप, म्हणजे मागून गाडी येतेय, बाजूला घ्या. पाठीवरून बोट खाली ओढलं, म्हणजे जरा हळू. आणि पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, म्हणजे थांबा. फारच घाबरली तर तिच्या तोंडातून तेलुगू निघायचं, "आगंडी, आगंडी!" थांबा हो, थांबा. देगलूरकडच्या बाईला भीती मराठीत वाटत नसावी.

मी मधी आले तसा आईचा हात अप्पांपर्यंत पोचेना. मग ती माझ्या पाठीवर द्यायची आणि मी तसंच पुढं अप्पांच्या पाठीवर. अप्पा डावा हात मागं आणून माझ्या गुडघ्यावर थोपटायचे, म्हणजे ऐकलं. तेही मी तिथंच ठेवायचं नाही, हात मागं करून आईच्या गुडघ्यावर पोचवायचं. दोघांचं सगळं बोलणं माझ्या अंगावरून जायचं. मला झोप आली तरी हात चालायचे.

आणि किरकिर. गाडीचं काय दुखतंय ते आधी आईला कळायचं, मागं बसल्या बसल्या. तिला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती चुलीतली नावं द्यायची. "आवं, फोडणी तडतडून राहिली," म्हणाली की अप्पा समजायचे, पेट्रोल कमी पोचतंय, कार्बोरेटरमध्ये कचरा बसलाय. "बांगड्या वाजून राहिल्या," म्हणजे वरचे टॅपेट ढिले झाले. "जातं फिरून राहिलं," म्हणजे चाकाचं बेअरिंग गेलं, आता उतरा आणि ढकला. आणि सगळं ठीक असलं की, "भाकरी." एका लयीत थापलेली भाकरी, थप, थप, थप. नांदेडच्या मिस्त्रीला अप्पा एकदा ऐटीत म्हणाले होते, "फोडणी हाय, बघून घ्या." मिस्त्री बिचारा डबा शोधायला लागला.

तर त्या दिवशी अप्पांनी गोणपाट अंथरलं, पाने मांडले आणि मला समोर बसवलं. टाकीतलं पेट्रोल काढलं तर ते लाल, गंजलेलं, वासानं डोकं धरणारं. टाकीत मूठभर खडे टाकून आम्ही ती दोघांनी हलवली. कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी जेटला अप्पा तोंडानं फुंकर मारत आणि उजेडाकडं धरून बघत. हात थरथरायचे, पण जेट हातात आला की थरथर थांबायची. करंटच्या पॉइंटवर काजळी चढली होती. त्यांनी खिशातली काडेपेटी काढली आणि काडी ओढायच्या बाजूनं पॉइंट हळूहळू घासले. अशा वेळी आई कुजबुजायची, "झालं, माझी चूल आज पेटत न्हाई," कारण घरातल्या प्रत्येक काडेपेटीची कड अशीच थोरलीपायी गेलेली असायची. मला ते आठवून हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. अप्पांनी बघितलं. "पेट्रोल झोंबतंय डोळ्याला," म्हणाले. मी मान हलवली. बघा, आता मीही तेच करायला लागले.

बॅटरी भरून आणली. काटा मधोमध आला. अप्पांच्या पायात आता ती लाथ नाही, तरी मारली. पुन्हा मारली. मी दुसरीकडं बघत उभी राहिले. मग एकदम थोरली बोलली, आणि पिंपळावरची वटवाघळं उठावीत तशी आमच्या अंगणातली सगळी चिमणीपाखरं उडाली.

अप्पांनी पेचकस घेतला, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. जन्मभराची सवय. तसेच वाकून राहिले. मग पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय म्हणून राहिली ती?"

आता मी कसं सांगू? ओरडून तर उपयोग नाही. मी कान दिला. आत काहीतरी तडतडत होतं. मी हात वर केला आणि कढईत मोहरी टाकल्याचं केलं, मग तोंड मागं घेतलं, तेल उडतं तेव्हा घेतो तसं. अप्पांचा चेहरा असा उजळला! "फोडणी! हाव का? थांब." पुन्हा कार्बोरेटर उघडलं. नंतर मी मनगट हलवून बांगड्या वाजवल्या, तर ते टॅपेटला बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी काही सांगत होते आणि ते घेत होते. मला तर वाटलं, थोरली अजून महिनाभर बिघडलेलीच राहू दे.

पण राहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एका लयीत चालायला लागली. अप्पांनी टाकीवर तळवा ठेवला होता. "आता?" म्हणाले.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. जात्याचा खुंटा धरून फिरवल्याचं केलं असतं, तर बेअरिंगच्या नावानं महिना गेला असता, ऊस संपला असता, चिंचा गळून गेल्या असत्या, आणि माझा बाप सुखरूप घरातच राहिला असता. हात उचललासुद्धा. पण आईच्या शब्दांनी त्यांना फसवायचं मला जमेना. मी दोन्ही तळवे एकावर एक थापले. भाकरी.

"भाकरी," अप्पा म्हणाले. मग अगदी हळू, "तिला ऐकू आलं आसतं तर."

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. मला म्हणाले, "दोन भाकऱ्या टाक. नुसतं डांबरीपर्यंत जाऊन येऊ." मी बोट नाचवून विचारलं, नुसतं डांबरीपर्यंत? "हाव," म्हणाले. पण कॅरिअरवर रिकामं पोतं घडी घालून बांधलेलं मी बघितलं होतं. डांबरीपर्यंत जायला पोतं कशाला लागतं? त्यांनाही माहीत होतं मी बघितलंय. मी पीठ मळायला घेतलं.

मी बसले ती मधीच बसले. एवढी मोठी बाई, मागं सैल सरकून बसायला हवं होतं. सरकले नाही.

कालव्याची वाट तशीच आहे. हळदीची वाफ तशीच. अप्पांची पाठ मात्र निम्मी झालीय, सदऱ्यातून मणके हाताला लागतात. थोरली भाकऱ्या थापत चालली होती. तेवढ्यात मागून ट्रॅक्टरचा भोंगा. कर्कश, पुन्हा पुन्हा. अप्पा वाटेच्या मधोमध, त्यांना काहीच नाही. माझा हात आपोआप त्यांच्या डाव्या खांद्यावर पडला. थाप. त्यांनी तत्क्षणी गाडी कडेला घेतली. दोन डब्यांचा उसाचा ट्रॅक्टर आमच्या अंगावरून जावा तसा गेला, पाचट उडवत. वाट खडबडीत होती, अप्पांचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते, गुडघ्यावर थोपटायला मोकळा नव्हता. पण पाठ ताठ झाली. त्यांना समजलं होतं.

एवढं सोपं होतं. आणि मी पाट्या आणत बसले होते!

डांबरी आली. अप्पा थांबले नाहीत. त्यांनी देगलूरच्या अंगाला गाडी वळवली आणि कान असलेल्या माणसासारखी दाबली. एसटी गेली, ट्रक गेले, कुणी शिव्या देत गेलं. मी खांद्यावर थापा देत होते, ते बाजूला घेत होते, आणि मध्येच मला वाटलं, जाऊ की असंच, काय होतंय! वारा तोच, बाप तोच. मग वळणावर समोरून दोन गाड्या एकदम आल्या. पुढची अप्पांनी बघितली, तिला ओलांडून येणारी मागची त्यांना दिसलीच नाही. वाचलो. कसे ते विचारू नका.

तेव्हा मी वाट बघायला लागले. कशाची, ते मला नंतर कळलं. माझ्या पाठीवर दोन तळवे पडायची. थांबा हे मी माझ्या मनानं कधीच सांगितलं नव्हतं, ते मागून यायचं, मी फक्त पुढं द्यायची. माझ्या पाठीला नुसता वारा लागत होता. आई, दे ना गं. कुणी देईना.

मग मीच दिले. दोन्ही तळवे, अप्पांच्या पाठीवर.

गाडी तशीच चालली. खाली थप, थप, थप. मी दाबून धरले. माझ्याच तोंडातून निघालं, "आगंडी... आगंडी..." ते तर त्यांना ऐकू येणारच नव्हतं. बरंच पुढं गेल्यावर थोरली मंद झाली आणि एका लिंबाखाली थांबली.

अप्पांनी मागं वळून बघितलं नाही. "मागून आलं, का तुझं हाय?" त्यांनी विचारलं.

मी खोटं सांगू शकले असते. नुसता अंगठा मागं करायचा, बस. त्यांनी लगेच ऐकलं असतं. मी हात पुढं नेला, त्यांचा हात धरला आणि माझ्या छातीवर ठेवला. माझं आहे, अप्पा.

त्यांनी तो हात परत हँडलवर ठेवला. समोर देगलूरचा रस्ता उन्हात गेलेला. "मला वाटलं," ते म्हणाले, "तुझे कान संगं हायत तवर एकदा झाड बघून यावं. तिला सांगून आलतो फोटूपाशी." मग पेटीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. ऊबदार होती, पेट्रोलचा वास लागलेली. दोघांनी रस्त्याकडं पाठ करून खाल्ली. मला त्यांना मिठी मारायची होती, माफ करा म्हणायचं होतं, चला हो, मरू तर मरू, असंही म्हणायचं होतं. मी नुसती भाकरी चावत राहिले. त्यांनी हात झटकले, पेटी लावली आणि थोरलीचं तोंड गावाकडं फिरवलं.

परतीच्या वाटेवर मी खांद्यावर थाप दिली की ते बाजूला घेत होते, पण लाकडासारखे. पाठीत काही नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं. आता हेही गेलं.

अंगणात आलो. त्यांनी इंजिन बंद केलं, वाकून पेट्रोलचा कॉक फिरवला, आणि किल्ली काढून मागं माझ्यापुढं धरली. मी घेतली. मला वाटलं आता उतरतील. उतरले नाहीत. इंजिन निवताना टिकटिक करत होतं, ते मी ऐकत होते. पाखरं परत अंगणात उतरली.

मग अप्पांचा डावा हात मागं आला आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटून गेला. ऐकलं.

आणि माझा हात, मी न सांगता, मागं गेला. ते पोचवायला. मागं चिंचांसाठी घेतलेलं रिकामं पोतं होतं. त्याच्यावरच मी हळूच थाप दिली.